शून्य घेताना

बिस्किटांच्या जुन्या डब्यात तांब्याच्या चिकटपट्टीची रिळं. डब्याच्या झाकणावर खिळ्यानं ओरखडून काढलेलं एक घर. घराला दार आहे, खिडकी काढायची राहून गेली आहे.

*

दादाचा निरोप: खोली मिळाली. खिडकी बागेकडे. सोमवारपर्यंत धरून ठेवतील. तू फक्त विचार कर, भांडू नकोस.

*

काच खरं तर कुणी कापत नाही. तिच्यावर एक चरा ओढतात आणि तिथेच तुटायला तिला राजी करतात.

*

फ्रीज सुरू होताना बैठकीतला दिवा पापणी लवल्यासारखा करतो.

*

यंत्राला स्पर्श कळत नाही. त्याला फरक कळतो. आधी काय होतं आणि आता काय आहे, एवढंच. म्हणून काहीच नसणं म्हणजे काय, ते त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं.

*

बाबांचा डावा हात चादरीवरून सरकतो. थांबतो. पुन्हा सरकतो. डॉक्टर म्हणाले, याला काही अर्थ नसतो.

आडवी

घरात तिला ठिणगी म्हणत. लहानपणी रेडिओच्या आत कोण बसलंय ते बघायला तिनं स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि सगळ्या बिल्डिंगचा फ्यूज उडवला, तेव्हा बाबांनी ठेवलेलं नाव. पुढे तिनं त्या खोडीचाच पेशा केला. लिफ्टचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ती काम करायची. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की लोक आधी देवाला हाक मारतात आणि मग तुम्हाला, असं दादा चिडवायचा. देव फोन उचलत नाही म्हणून, असं ती म्हणायची.

बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोंच्या चौकटी, कधीमधी रंगीत तुकडे तांब्याच्या पट्टीनं जोडून केलेलं एखादं दार. आई गेली तशी त्यांनी दुकानाची हौस सोडली, शटर ओढलं आणि उरलासुरला माल घरी आणून माळ्यावर टाकला. मग एके सकाळी दाढी करता करता ते बेसिनपाशी कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. बाबा डावखुरे, तेव्हा एका अर्थानं कामाचा तोच राहिला, पण त्या हातानं आता ते काही मागत नव्हते, काही दाखवत नव्हते. दवाखान्यात तो नुसता चादरीवरून सरकत राहायचा.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो उजेडासमोर धरून पुष्कळ समजावलं. सगळ्याचं सार असं की आत फारसं कुणी उरलेलं नसावं.

दादाला ते पटलं. तो काही वाईट नव्हता. दुसऱ्या शहरात राहायचा, आणि बहीण दिवसेंदिवस खंगत चाललीय हे त्याला फोनवर तिच्या नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं. आत कुणी नसेल तर बाबांना घरी ठेवून तिनं स्वतःला जाळून घ्यायचं कशाला, हे त्याचं म्हणणं. त्यानं एक चांगलं सेवाकेंद्र शोधून काढलं होतं. तिथल्या बायकांशी तो स्वतः बोलून आला होता.

ठिणगीला पटलं नाही. पण पटत नाही हे काही उत्तर नव्हे, एवढं तिला तिच्या पेशानं शिकवलं होतं. बोर्ड जळालाय की नुसता गप्प बसलाय, हे मीटर लावल्याशिवाय सांगता येत नाही. बाबांना लावायला मीटर कुठे मिळत नव्हता. तर तो बनवायचा.

उभी

दुकानाच्या मधोमध मोठं टेबल होतं. एका बाजूला बाबा, समोर आई. मोठी काच एकट्यानं कापता येत नाही. काच कापायची हिरकणी ओढताना काच कणभर जरी हलली तरी चरा भरकटतो, आणि मग ती तुम्हाला हवी तिथे न तुटता तिला वाटेल तिथे तुटते. म्हणून आई पलीकडून वाकायची आणि काचेच्या कोपऱ्यावर तळवा पसरून ठेवायची. कोपरा ठरलेला होता: पलीकडचा, बाबांच्या उजव्या अंगाचा. तिची बोटं बाबांच्या दिशेनं.

शेजारी कडा घासायचं मशीन दिवसभर घरघरत असे. त्यात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, म्हणून बोलणंच नव्हतं. चरा ओढून झाला की बाबा बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा टकटक करायचे. आई हात उचलायची. बाबा काच कडेवर ओढून घ्यायचे, दाबायचे, कट्. आईचा हात परत जागेवर.

‘दोघांचा सगळा संसार टकटकीवर झाला,’ दादा म्हणायचा. ‘भांडायचं असेल तर आधी मशीन बंद करायला लागायचं.’

सुट्टीत गल्ल्यावर तो बसायचा. गिऱ्हाइकाचं माप आत ओरडून सांगायचं, एवढंच त्याचं काम. बेंबीच्या देठापासून ओरडायचा.

आडवी

माळ्यावर एक मोठी काच मिळाली. बाबांनी कापून, कडा घासून ठेवलेली, गिऱ्हाईक न्यायला आलंच नव्हतं. आणि बिस्किटांच्या डब्यात तांब्याची पट्टी.

साधं बटण देऊन भागणार नव्हतं. बाबांचा हात पडायचा तो अख्खा पडायचा, तळव्यासकट. कुठलं बोट मुद्दाम टेकलंय आणि कुठलं नुसतं लोंबतंय, हे सगळं एकाच वेळी बघणारा पृष्ठभाग हवा होता. तिनं बाबांच्या रिकाम्या खोलीत दोन स्टुलांवर काच उपडी घातली. खालच्या अंगाला तांब्याच्या पट्ट्या चिकटवल्या, आधी सगळ्या आडव्या. त्यांवर पातळ प्लास्टिक. त्यावर उभ्या. प्रत्येक पट्टीच्या टोकाला बारीक वायर डाख देऊन जोडली, वायरींची वेणी एका बोर्डापर्यंत नेली, आणि बोर्ड जुन्या मॉनिटरला लावला.

आडवी पट्टी उभीला कुठेच शिवत नाही. पण जिथे एक दुसरीवरून जाते त्या चौकात विजेची थोडी ओढ असते. बोट जवळ आलं की ते त्या ओढीतला घास खातं. बोर्ड प्रत्येक चौकात जाऊन विचारतो: इथे काही कमी झालं का? इथे? इथे? एका क्षणात तो सगळी काच विचारून येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. असा चिकाटीचा माणूस वर्कशॉपमध्ये असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं.

पडद्यावर बोट तांबूस ठिपका होऊन उमटायचं.

मोठ्या काचेआधी तिनं वहीएवढ्या तुकड्यावर हाच प्रयोग केला होता आणि त्यात एक चूक केली होती. सुरू होताना यंत्र शून्य घेतं, म्हणजे त्या घटकेला काचेवर जे असेल ते ‘काहीच नाही’ असं धरून चालतं. ठिणगीनं एका हातानं काच धरून दुसऱ्यानं बटण दाबलं. यंत्रानं तिचा हातच शून्यात धरला. हात काचेवर असून पडदा कोरा. आणि तिनं हात उचलला मात्र, पडद्यावर निळा हात. शून्याच्या खाली गेलेला, असलेल्याच्या नसण्याचा हात, पाचही बोटं पसरून. ती एकटीच खोखो हसली होती.

त्यातून तिनं दोन धडे घेतले. एक, बाबांचा हात सदा काचेवरच असणार, तेव्हा दर वेळी नवं शून्य घेण्यात अर्थ नाही. ते एकदाच घ्यायचं आणि यंत्राच्या पोटात जपून ठेवायचं. दुसरा, घेताना कुणी जवळ असता कामा नये. माणूस नुसतं शेजारी उभं राहिलं तरी शून्य बिघडतं. त्यासाठी तिनं लांबलचक वायरीच्या टोकाला एक बटण जोडलं.

मग तिनं काच सुलटी करून तिचं टेबल केलं आणि ते खिडकीशेजारच्या भिंतीला बिजागऱ्यांवर बसवलं, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला अलीकडून नीट बसता येईल आणि नको तेव्हा ते मिटून ठेवता येईल.

सगळं झकास झालं. फक्त एक कोपरा मेलेला निघाला. पलीकडचा, उजव्या अंगाचा. तिथे बोट ठेवा, तळवा ठेवा, पडदा ढिम्म. तिनं तिथले डाख उकलून पुन्हा दिले, पट्टी बदलली, वायर बदलली. मीटर म्हणे सगळं ठीक. एवढा एक कोपरा गेला तर गेला, म्हणून तिनं नाद सोडला. मीटर ठीक म्हणत असताना नाद सोडायची तिची ही पहिलीच वेळ.

आडवी

बाबा घरी आले. दिवसभराच्या मदतीला एक मावशी लागल्या, तोंड कायम चालू आणि हात त्याहून चालू. टेबल बघून त्या म्हणाल्या, ‘ताई, एवढ्या वायरी तर माझ्या जावेच्या लग्नाच्या मांडवात नव्हत्या.’

डावा हात उचलून काचेवर ठेवला तेव्हा बाबांनी डोळे मिटले. इतकंच. पण हात चादरीवर सरकायचा तसा सरकू लागला आणि पडद्यावर तांबूस रेघ उमटली.

सरळ रेघ.

चादरीवर ते कळलं नसतं. चादर सुरकुतते, हाताचा माग ठेवत नाही. इथे प्रत्येक सरकणं दिसत होतं आणि त्यातलं एकही वेडंवाकडं नव्हतं. पट्टी लावून ओढावी तशी रेघ, मग थांबणं, मग बोटाच्या पेरानं दोनदा टकटक. मग बाबा वाट बघायचे. मग तळव्यानं काच आपल्याकडे ओढल्यासारखं करायचे, दाबायचे, आणि नवी रेघ.

ठिणगीनं मावशींना चहा टाकायला पाठवलं आणि त्या आत गेल्यावर भिंतीला टेकून पोटभर रडून घेतलं. बाबा काच कापत होते. दवाखान्यातल्या चादरीवर, इतके दिवस, सगळ्यांसमोर, ते काच कापत होते.

दादाला तिनं फोन केला. तो ऐकून घेत राहिला. शेवटी जपून म्हणाला, सवय असेल गं, हात आपोआप करतो, कोंबडीचं मुंडकं तोडल्यावर पण ती पळते. मग स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळला आणि म्हणाला, रविवारी येतो, बघतो. मी सांगेन ते बाबांनी केलं तर मानतो. नुसतं हललेलं नाही, सांगितलेलं.

सोमवार त्याला लागूनच होता.

आडवी

निळं पहिल्यांदा दिसलं ते टकटकीनंतर. मेलेल्या कोपऱ्यात एक फिकट डाग, आला आणि गेला. फ्रीज, ठिणगीच्या मनात आलं. तिनं फ्रीज बंद केला. डाग आला. मोबाइलचे चार्जर काढले, ट्यूब काढली, वर्कशॉपमधून आणलेल्या जाड तारेनं अर्थिंग नव्यानं केलं. बाबांनी रेघ ओढली, टकटक केली. डाग आला, आणि आता पडदा स्वच्छ झाल्यामुळे उलट जास्तच ठसठशीत.

हादऱ्यानं पट्टी काचेपासून सुटत असेल. हे कारण चांगलं होतं, तिला आवडलं. तिनं रूळ फिरवून सगळ्या पट्ट्या दाबून बसवल्या. मग स्वतः टकटक करून पाहिली. काही नाही. मावशींना करायला लावली. काही नाही. मावशींनी दार ठोठावावं तशी जोरात केली, तरी काही नाही.

बाबांनी रेघ ओढली. टकटक.

डागाला बोटं होती.

ती पसरलेली होती, अलीकडे, बाबांच्या दिशेनं. मनगट भिंतीकडे. पलीकडून कुणी वाकून हात ठेवला तर पडेल तसा. फक्त पलीकडे भिंत होती आणि टेबल भिंतीला टेकलेलं होतं.

निळं म्हणजे काय ते ठिणगीला माहीत होतं. वहीएवढ्या तुकड्यानं ते तिला शिकवलं होतं. निळा हात म्हणजे कुठला तरी हात काचेवर आलेला नव्हे. आधीपासून ठेवलेला हात उचललेला.

आणि कोपरा मेलेला नव्हता. तिथे दुसऱ्या हाताला जागा नव्हती.

बाबांनी काच ओढल्यासारखं केलं, दाबलं. पडद्यावरचा हात हळूहळू विरला. हात परत जागेवर.

मावशी फडकं घेऊन टेबल पुसत होत्या. ‘नवल बघा ताई,’ त्या म्हणाल्या, ‘सगळीकडे धूळ बसते, या कोपऱ्याला बसत नाही.’

ठिणगीनं यातलं कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी दादासमोर बाबा सिद्ध व्हायला हवे होते. भुताखेताची गोष्ट निघाली असती तर दादानं बाबांसोबत तिच्यासाठीही एक खोली बघितली असती.

छेद

रविवारी दुपारी दादा आला. बाबांच्या पाया पडला, केसांवरून हात फिरवला, आणि खुर्चीवर नीट बसायच्या आतच म्हणाला, चल.

बाबांचा हात काचेवर होता. निश्चल. सकाळपासून त्यांनी एकही रेघ ओढली नव्हती.

दादा पुढे वाकला. आजाऱ्याशी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाला, ‘बाबा, एक ऑर्डर आहे. फोटोच्या चौकटीची काच. बारा बाय नऊ.’

काही नाही.

त्यानं पुन्हा सांगितलं, आणखी मऊ. मग अजून एकदा. पडद्यावर तळव्याचा तांबूस डाग, जागच्या जागी. दादानं खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत बसला. ‘राहू दे,’ तो म्हणाला. ‘त्यांना त्रास नको.’ तो उठला. पाठमोरा झाला.

ठिणगी सोमवारबद्दल विचार करत होती. बागेकडची खिडकी. तिथल्या पलंगावरची चादर. चादरीवर सरळ सरळ रेघा, कुणालाही न दिसणाऱ्या.

मग तिच्या लक्षात आलं.

‘दादा. असं नाही. मशीन चालू असताना सांगायचास तसं सांग.’

‘म्हणजे?’

‘ओरड.’

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग बाबांकडे. त्यानं एक श्वास घेतला आणि इतक्या वर्षांनी, टक्कल पडलेला, दोन पोरांचा बाप, बेंबीच्या देठापासून ओरडला.

‘चौकटीची, बारा बाय नऊ.’

आतल्या खोलीत मावशींच्या हातून काहीतरी पडलं.

बाबांचे डोळे उघडले.

हात मागे गेला, अलीकडच्या कडेशी. तर्जनी टेकली. रेघ निघाली, सावकाश, एका लयीत, आणि एका ठिकाणी थांबली.

टकटक.

बाबा वाट बघत होते. कोपऱ्याकडे.

मग ओढलं, दाबलं. दुसरी रेघ, पहिलीला काटकोनात.

टकटक.

बाबांनी ओढलं, दाबलं, आणि पडद्याच्या तळाशी रेघांची इंचांतली मापं उमटली. दादानं चष्मा लावला आणि वाचली. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

‘जवळ आलं,’ तो म्हणाला. ‘पण दोन्हीकडे सूतभर कमी आहे. जवळ येणं म्हणजे…’

तो थांबला.

‘चौकटीची म्हणालो मी,’ तो म्हणाला.

 ठिणगीलाही ते आत्ताच आठवत होतं. चौकटीची काच सूतभर कमीच कापायची, नाहीतर ती बसत नाही. दादानं एका सुट्टीत हौसेनं पुऱ्या मापाची कापली होती आणि बाबांनी ती अख्खा दिवस त्याला चौकटीत बसवायला लावली होती.

दादा होता तिथेच फरशीवर बसला. आधी हसला, मग ते हसणं त्याच्या हातातून निसटलं. बाबांच्या गुडघ्याला कपाळ लावून तो कितीतरी वेळ तसाच होता, आणि बाबांचा डावा हात काचेवरून घसरत त्याच्या टकलावर येऊन पडला. अख्खा, तळव्यासकट.

त्यानंतरची दुपार ऑर्डरींची. दादा ओरडतोय, बाबा कापतायत, मावशी दारात उभ्या राहून म्हणतायत की शेजारचे पोलीस बोलावतील. शेवटी दादानं मुद्दाम टेबलात मावणार नाही असं माप सांगितलं. बाबांनी हात उलटा करून झटकला. दुकानात अव्वाच्या सव्वा सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ते असंच घालवायचे. तर हा झाला नकार. आणि रेघ म्हणजे होकार. एवढ्यावर आता सगळं विचारता येणार होतं. गार वाटतंय का, खिडकी लावू का, दुखतंय का.

ठिणगीनं पहिला प्रश्न मात्र वेगळाच विचारला.

‘बाबा, इथेच राहायचं ना?’

रेघ अलीकडच्या कडेपासून निघाली. कुठेही थांबली नाही. काचेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन संपली.

टकटक.

दुपारभर टकटकीला दादा बाबांच्या हाताकडे बघत होता, आता मात्र नेमका पडद्याकडे.

‘हे काय?’

पाच बोटं, निळी, पसरलेली.

‘शून्य घेताना माझा हात राहिला असणार,’ ठिणगी म्हणाली. ‘होतं असं.’ आणि तिनं त्याला वहीएवढ्या तुकड्याची गोष्ट सांगितली, शून्यात धरलेल्या हाताची.

दादानं पडद्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग टेबलामागच्या भिंतीकडे.

‘पलीकडून?’

‘तेव्हा टेबल खोलीच्या मध्ये होतं. स्टुलांवर.’

‘हां,’ दादा म्हणाला. त्याच्या खांद्यांतला ताण उतरला. ‘मग बरोबर.’ मग पडद्यावरून नजर न काढता, ‘आईचा हात पण असाच होता, नाही? तुझ्यासारखा लहान.’

‘हो.’

त्यानं फोन लावला आणि बागेकडची खोली सोडून दिली. संध्याकाळी बाबांनी वाटीभर सूप संपवलं, वर अजून थोडं, आणि दादा परतीच्या वाटेवर निघाला तेव्हा जिन्यातून शीळ घालत उतरला. त्या रात्री ठिणगी आडवी झाली ती सरळ सकाळीच उठली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा.

आडवी

आता घर मार्गी लागलं आहे. ठिणगी सकाळी वर्कशॉपला जाते. ती नसताना बाबा कापतात, मावशी बडबडतात, आणि तिला दिवसभर त्यांची धास्ती वाटत नाही. वाटायला हवी, असं तिला कधीकधी वाटतं. पण मोठी काच एकट्यानं कापता येत नाही, आणि बाबांची एकही रेघ अजून भरकटलेली नाही.

दादा फोनवर म्हणतो, तो निळा हात काढून टाक की, नवं शून्य घे, एका बटणाचं तर काम. ती म्हणते, घेते. लांबलचक वायरीचं बटण तिनं गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं आहे.

एकदाच, निळा हात पडद्यावर असताना, तिनं आपला तळवा त्या कोपऱ्यावर ठेवून पाहिला. निळं विझलं. यंत्राच्या मते सगळं जागच्या जागी होतं. दिवस ऐन थंडीचे, पण काच तेवढ्या भागात गार लागली नाही. बाबांनी मान कलती करून तिच्याकडे पाहिलं. कुणाच्या तरी जागेवर चुकून बसलेलं माणूस उठतं तसा तिनं हात काढून घेतला.

शून्य

टेबल आधी भिंतीला बसवलं. शून्य नंतर घेतलं, एका दुपारी. बाबा तेव्हा दवाखान्यात होते, मावशी अजून कामाला लागायच्या होत्या, आणि ठिणगी खोलीच्या दाराबाहेर उभी होती, लांबलचक वायरीचं बटण दोन्ही हातांत धरून.